मी शेंबड्या पाहिला

— नाही, तो विकायचा नाहीये. बाकी या टेबलावरचं काय हवं ते उचला — इस्त्री घ्या, थर्मास घ्या, ते कोंबडीच्या आकाराचं मिठाचं भांडं घ्या — माझ्या नवऱ्याची पहार तर तुम्ही मघाशीच गाडीत टाकलीत, बरं झालं, माझ्यानं ती जागची हलतसुद्धा नव्हती — पण त्या बिस्किटांच्या डब्यातला तो हिरवा बिल्ला तेवढा खाली ठेवा. हां, तोच. डब्यात. झाकण लावा. आता म्हणाल, पाटीवर तर लिहिलंय, ‘घर आवरतोय, सगळं विकायचंय’ — लिहिलंय, मीच लिहिलंय, पण सगळं म्हणजे सगळं असतं का कधी? डबा चुकून बाहेर आला. माझी मुलगी डार्ला आली होती गेल्या आठवड्यात अ‍ॅरिझोनाहून, तिनं दोन दिवसांत माझ्या चाळीस वर्षांची खोकी केली — हे फेकायचं, हे विकायचं, हे न्यायचं — आणि मी आपली कॉफीचा पेला घेऊन बघत बसले. मंगळवारी न्यायला येतेय मला. तिकडं म्हणे पाऊसच पडत नाही. तुझ्या गुडघ्यांना बरं, म्हणते.

थांबा थांबा — ते जाकीट जरा उजेडात आणा बघू. अगंबाई! घुबड, बीव्हर, उडती खार, पाठीवर पिवळे ठिपके असलेलं कासव — हे सगळे बिल्ले आमच्या हॅरो काउंटीचे! अठराच्या अठरा? आणि कुठून आलात म्हणालात, दोन तास गाडी मारून? एकोणिसाव्यासाठी? नाही हो, तुम्हाला हसत नाहीये. हसतेय, पण तुम्हाला नाही. ही चित्रं कुणी काढली माहितीय का? खाली मान घालून जाकिटाकडं काय बघताय, इकडं बघा, माझ्याकडं. मी. व्हर्ना टॅकेट. जमीन-पाणी-जंगल जपायचं काउंटीचं एक लहानसं खातं होतं, कचेरी पोस्टाच्या वर, दोन खोल्या, तीन माणसं — क्रेगसाहेब, एक टाइप करणारी पोरगी आणि मी — आणि शाळेतल्या मुलांना रानातली जनावरं ओळखू यावीत म्हणून वर्षाला एक बिल्ला काढायचं काम माझ्याकडं. चित्र मी काढायचं, गोल मीच कापायचे, पत्र्याची चकती, वर चित्र, त्याच्यावर तो पारदर्शक कागद, यंत्राचा दांडा खाली ओढला की कट् — फिरवून मागची पिनवाली बाजू बसवायची, पुन्हा दांडा, पुन्हा कट्. हा अंगठा बघा, अजून वाकडाच आहे. आणि त्या घुबडाचा डावा डोळा बघा — उजव्यापेक्षा मोठा आहे की नाही? डार्लाला तेव्हा कांजिण्या आल्या होत्या, मांडीवर घेऊन काढलाय तो. तुमच्या त्या बिल्ले जमवणाऱ्यांच्या पुस्तकात काय लिहिलंय त्याच्याबद्दल? छपाईतला दोष? दोष म्हणे!

बसा. ती खुर्ची घ्या, तीही विकायचीच आहे, बसून बघा. चहा घेणार? थंडच आहे. सफरचंदाचा मुरंबा आहे, मक्याचा पाव आहे, नको म्हणू नका, मंगळवारनंतर हे सगळं कचऱ्यातच जायचंय. वय काय तुमचं — तुझं? तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या डार्लाच्याच वयाचा दिसतोस. नाव काय म्हणालास? रसेल. बरं. तर रसेल, तू ज्याच्यासाठी आलायस तो बाजारात का मिळत नाही ठाऊक आहे? तुला वाटलं कमी निघाले म्हणून. कमी नाही निघाले. चारशेच्या वर निघाले. पण ज्यांना मिळाले ते विकत नाहीत रे. तो असाच वाटायचा बिल्ला नव्हता. तो कमवायचा होता. वाच की त्याच्यावर काय आहे — डब्याच्या काचेच्या झाकणातूनच दिसतं — ‘मी शेंबड्या पाहिला’. ज्यानं पाहिला त्यालाच. दुसऱ्या कुणाला नाही, गव्हर्नर आला तरी नाही. हा नियम.

शेंबड्या म्हणजे? अरे, अठरा बिल्ले लावून फिरतोस आणि शेंबड्या ठाऊक नाही? पुस्तकात त्याला हेलबेंडर म्हणतात. आमच्याकडं शेंबड्या. बेडकाच्या गोतातला, पण शेपटीवाला, दोन फूट लांब, डोकं लाटण्यानं लाटल्यासारखं चपटं, डोळे मोहरीएवढे, अंगाच्या दोन्ही बाजूंना कातड्याच्या चुण्या — त्या चुण्यांतूनच श्वास घेतो तो, म्हणून पाणी स्वच्छ लागतं, वाहतं लागतं, आणि हाताला लागला की असा चिकट, की पोरं आठवडाभर हात पँटला पुसत राहायची. कुरूप? कुरूप म्हणजे काय, त्याला जन्म दिल्यावर त्याच्या आईनंही तोंड फिरवलं असेल. ओढ्यात मोठ्या सपाट दगडाखाली राहतो. एक दगड धरला की धरला, वीस-पंचवीस वर्षं तोच दगड. आणि अंडी बापच सांभाळतो बरं का. मादी घालते आणि जाते निघून, हा तोंड दाराशी करून बसतो महिनोन् महिने. डेल्बर्ट, माझा नवरा, म्हणायचा, माझ्यापेक्षा बरा बाप आहे.

आणि लोक काय करायचे त्याचं? मारायचे. गळाला लागला की दगडानं ठेचायचे. विषारी आहे, मासे खातो, सैतानाचा कुत्रा आहे — काय वाट्टेल ते बोलायचे. माझा सासरा तर पकडला की ओढ्याकाठच्या झाडाला खिळ्यानं ठोकायचा, जिवंत, म्हणजे म्हणे बाकीचे बघून पळतील. रविवारी चर्चला जाताना ते दिसायचं. मी नवीन नवरी. मी डोळे मिटून जायची. तेव्हाच मनाशी म्हटलं होतं, व्हर्ना, तुला काही करता आलं या जगात, तर हे बंद कर. एवढंच मागणं होतं माझं. मोठं नव्हतं, नाही का? आणि केलं मी बंद. ते सांगते ना — केलं. आज या काउंटीत कुणी शेंबड्याला हात लावणार नाही. मारायला म्हणतेय.

कसं केलं? तेच तर. त्याआधी बिल्ले आम्ही ऑगस्टच्या जत्रेत नुसतेच वाटायचो. तंबू लावायचा, टेबल मांडायचं, पोरं यायची, घ्यायची, ‘थँक्यू मॅडम’, आणि संध्याकाळी मी झाडू घेऊन निघाले की धुळीत बिल्ले, गटारात बिल्ले, एकदा तर एक डुक्कर माझं घुबड चावत उभं होतं, आणि तो डुकराचा मालक मला म्हणतो, त्याला आवडलंय ते. रडले होते मी त्या दिवशी गाडीत बसून. क्रेगसाहेब म्हणाले, व्हर्ना, फुकटचं आहे ना, कुणाला काय त्याचं. मग इथंच, या स्वयंपाकघरात, बीन्स निवडता निवडता मला सुचलं — या वर्षी शेंबड्या, आणि या वर्षी फुकट नाही. जा, ओढ्यात उतरा, दगडाखाली बघा, डोळ्यांनी बघा, आणि येऊन सांगा. पाहिलात, की छातीवर लावा. डेल्बर्टला सांगितलं. तो म्हणाला, झकास! क्रेगसाहेबांना सांगितलं. म्हणाले, व्हर्ना, तू या खात्याची राणी आहेस. सगळ्यांना झकास वाटलं रे. एकालाही — एकालाही नाही वाटलं की — बरं, ते जाऊ दे. मुरंबा घे अजून.

पहिला बिल्ला कुणाला मिळाला सांगू? डार्लाला. नऊ वर्षांची. बापाबरोबर गेली, त्यानं पहारीनं दगड उचलून धरला, ही पालथी पडून खाली बघतेय, आणि एकदम किंचाळली — आई! हसतोय तो! तोंडच तसं असतं त्याचं, रुंद. मी काठावर उभी. मी कुठली उतरतेय, मला पाण्याची भीती. हो, म्हणजे चित्र मी पुस्तकातून काढलं होतं, मी स्वतः काही पाहिला नव्हता. जिनं नियम केला तिनंच पाहिला नव्हता! मग जत्रेत मी काय केलं — डोक्यालिटी बघ माझी — ओढ्याचा एक भलामोठा नकाशा काढला, तंबूत टांगला, आणि ज्यानं जिथं पाहिला तिथं त्याच्या हातानं एक लाल टाचणी. पोरांना काय मजा! चर्चच्या वरच्या अंगाला चार टाचण्या, पुलाखाली सात, वळणावर डझनभर. लांबून लोक यायचे आणि नकाशासमोर उभे राहायचे. उभे राहायचे आणि — वाचायचे.

आता तुझ्या लक्षात आलं. चेहरा पडला तुझा. मला नव्हतं आलं लक्षात. दुसऱ्या वर्षी सगळी काउंटी ओढ्यात. स्काउटची पोरं, चर्चची मंडळी, जेवणाच्या पाट्या घेऊन आख्खी कुटुंबं, आजोबा, नातवंडं, लोखंडी कांबी, फावडी, जॅक — गाडीचा जॅक, देवाशपथ. आणि डेल्बर्ट मधोमध गुडघाभर पाण्यात उभा, पोरांना शिकवतोय, दगड कसा उचलायचा — असा नाही रे, कड धर, पहार आत घाल, सगळ्यांनी मिळून, एक-दोन-तीन! तीच ती. जी तू नेतोयस. किती आनंदात होता तो, मूल झाला होता मूल. आणि मी तंबूत बसून कट्, कट्, कट्. चारशे बारा. तीन उन्हाळ्यांत चारशे बारा. वर्तमानपत्रात फोटो आला माझा. शेजारच्या काउंट्यांतून पत्रं — मॅडम, आम्हालाही शिकवा. बरं, उन्हाळा म्हणतेय मी, पण जत्रा ऑगस्टमध्ये, म्हणजे जत्रेनंतर लोक घुसायचे ते सप्टेंबरात. हाच महिना. अगदी हाच. अंडी घालायचा.

चौथ्या वर्षी विद्यापीठातून एक डॉक्टरबाई आल्या. तरण्या, बारीक, रबरी कपडे, तोंडात नळी, आठवडाभर पाण्यात पालथ्या. मी रोज त्यांना सँडविच न्यायची. मला वाटलं, मोजून सांगतील, इतके इतके आहेत, मग त्याचा पण एक बिल्ला काढू. सातव्या दिवशी बाई काठावर येऊन बसल्या, ओठ निळे पडलेले, आणि म्हणाल्या, मॅडम, एकही नाही. मी म्हटलं, नीट बघा, चर्चच्या वर बघा, माझ्याकडं नकाशा आहे. तर म्हणाल्या, नकाशावरूनच बघतेय. मग विचारतात, हे दगड कुणी उलटे केले? मी म्हटलं, उलटे म्हणजे? हाताला धरून त्यांनी मला पाण्यात नेलं — पहिल्यांदाच गेले मी — आणि दाखवलं. एकूण एक दगड पांढरा. शेवाळाची बाजू खाली, पोट वर. लोकांनी उचलले, बघितले, आणि ठेवताना जसे पडले तसे टाकले. खाली जे असेल त्याच्यावर. मैलभर, रसेल, वळणापासून पुलापर्यंत पांढरेच पांढरे दगड. उचलताना कुणाच्या ध्यानातच आलं नाही, की ते त्याचं छप्पर आहे. लोक त्याला शिव्या घालत होते तोवर तो जगला रे. प्रेम करायला लागले आणि संपला.

मी काय सांगितलं असेल बाईंना? सांग ना. तुला वाटतं मी सांगितलं, की बाई, हे मी केलं? मी म्हटलं, पूर आला होता. मागच्या वसंतात. मोठा पूर. त्यांनी लिहून घेतलं. कुठं तरी छापलंही गेलं असेल ते — पुरानं. आणि डेल्बर्ट तिथंच उभा होता, हातात त्यांची पिशवी घेऊन, आणि त्याला ठाऊक होतं की पूर आलाच नव्हता, आणि तो बोलला नाही. मी त्याच्याकडं बघितलं नाही. त्या दिवसापासून ती पहार कोठाराच्या मागं पडली ती पडलीच. कुंपणाचे खांब रोवायलासुद्धा शेजाऱ्याची मागून आणायचा. त्याबद्दल एक अक्षर नाही काढलं त्यानं तोंडातून, अठरा वर्षं. अगदी शेवटी, आतल्या खोलीत, जाण्याच्या आदल्या सकाळी मला म्हणतो, व्हर्ना, दगड फार जड होते गं. एवढंच. मी उशी सारखी केली आणि म्हटलं, हो.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं हं. डार्लालासुद्धा नाही. तिच्या फ्रिजवर आहे अजून तो बिल्ला, तिकडं वाळवंटात, आणि नातवंडांना सांगते, तुमच्या आजीनं आम्हाला जगातलं सगळ्यात सुंदर लहानपण दिलं. तिला मी काय सांगू? आणि त्याच्यावर कडी ऐक — डॉक्टरबाई येऊन गेल्यावरही मी दोन वर्षं तो बिल्ला देत होते. पोरं यायची, खोटं बोलायची — पाहिला, पाहिला! एवढा मोठा! — मला दिसायचं खोटं बोलताहेत, कोरडे ठणठणीत बूट घालून आलेली, आणि मी द्यायची. कट्, कट्. कारण नाही म्हटलं असतं, तर का नाही ते सांगावं लागलं असतं ना.

मग खातंच बंद झालं, क्रेगसाहेब गेले, सुटलो सगळे. हा एक उरला डब्यात. माझ्यासाठी ठेवला होता. पण लावायचा कसा? पाहिला नव्हता ना. म्हणजे तेव्हा नव्हता. आता लावू शकते म्हणा नियमानं, नऊ वर्षं झाली — पण नाही लावला. कुठल्या तोंडानं लावू?

काय? हो, पाहिला. नऊ वर्षांपूर्वी. एक आहे. मी कुठं म्हटलं एकही नाही? बाई म्हणाल्या. एक आहे, म्हातारा आहे, तेव्हा लहान असणार, कुठल्या तरी कपारीत अंग चोरून बसला आणि वाचला. तो दगड कुणाला उचलवलाच नाही, डेल्बर्टलासुद्धा नाही, जुन्या गिरणीच्या पायाचा चिरा आहे तो, अर्धा भिंतीत अडकलेला. डेल्बर्टला पुरलं त्या आठवड्यात मी तिथं जाऊन बसले होते — कबरस्तानाच्या खालीच आहे, या फाटकातून डावीकडं, चर्च ओलांडलं की ओढ्याकडं पायवाट उतरते — बसले होते आपली, रडत नव्हते, नुसती, ऊन तिरकं झालं आणि पाण्याच्या तळाशी एक दगड हलला. दगड कसला, डोकं होतं. हसत होतं. मी रोज जाते तेव्हापासून. काही टाकत नाही, काही करत नाही, बसते. दर सप्टेंबरात तो दगडाच्या तोंडाशी साफसफाई करतो, वाळू लोटतो बाहेर, आणि दाराशी तोंड करून बसतो. अंडी सांभाळायला. आणि खाली अंडी नाहीत रे. मादीच नाही आख्ख्या ओढ्यात. नऊ वर्षांत दुसरं डोकं मला दिसलं नाही. तरी अंग हलवत राहतो डावीकडं-उजवीकडं, अंड्यांना वारा घालतात तसा, रिकाम्या जागेला. आत्ताही बसला असेल. आणि मंगळवारी मी जाणार, आणि मग तो तिथं आहे हे जगात कुणालाच ठाऊक नसणार, तो गेला काय नि राहिला काय. हे मला गिळवत नाही. रात्रंदिवस हेच — निदान एका माणसाला तरी ठाऊक असावं, एवढंच वाटत होतं, एखादा कुणीतरी ज्याला जनावरांची —

काय लिहितोयस?

नाही, हातावर काय लिहिलंस? दाखव. — ‘गिरणी’. का? रसेल, का लिहिलंस ते? असू दे असू दे काय, पुसून टाक. हा घे रुमाल. मी असंच बोलत होते. म्हातारी बाई आहे, घर विकतेय, डोकं ठिकाणावर नाही, असला-नसला मला काय दिसतंय या डोळ्यांनी, लाकडाचा ओंडकाही असेल. आणि असला तरी तुला काय करायचंय त्याचं? बिल्ला हवाय ना तुला? हा घे. घे म्हटलं ना, फुकट घे. थांब, मीच लावते, ही इथं जागाही ठेवलीयस तू त्याच्यासाठी, घुबडाच्या बाजूला — हलू नको — झाले तुझे एकोणीस. झालं ना? सुटलास. आता घरी जा, दोन तासांचा रस्ता आहे.

काढतोस का? काढू नको! ‘न पाहता लावणं बरोबर नाही’ — कोण म्हणतं? नियम? अरे, नियम मी केला होता, या टेबलाशी बसून, बीन्स निवडताना, मीच केला आणि मीच मोडतेय, तुझ्यासमोर, बघ, मोडला! तुला ठाऊक असेल? दुसऱ्या कुणाला नाही तरी तुला ठाऊक असेल? तुझ्या मनाला लागेल? देवा. अरे, ज्यांनी खोटं बोलून घेतले ते झोपतात की रात्रीचे गाढ. तू खोटं बोल ना. मी सांगते तुला बोल. नाही, ऐक, त्याला ऊन लागतं तेव्हाच दिसतो, आज ढग आहेत, तुला दिसणारच नाही, मग तू काय करशील? मग तू दगड — एकदाच? हळूच? अरे, सगळेच एकदाच आणि हळूच म्हणाले होते, चारशे बारा जण!

ठीक आहे. ठीक आहे, निघा तुम्ही. दुकान बंद. बिल्ला टेबलावर ठेवलात ना, राहू द्या. ती पहार परत द्या मला. विकायची नाहीये ती, चुकून टेबलावर आली. पैसे घ्या परत, सगळा डबा घ्या पैशांचा — अहो, गाडी कशाला सुरू करताय, मी बोलतेय ना — पहार तेवढी उतरवा! रसेल! वाजतेय ती मागं, उतरव ती — बरं, ने, पण महामार्ग उजवीकडं आहे, बाळा. फाटकातून उजवीकडं. डावीकडं काही नाही. उजवीकडं वळ. रसेल, उजवीकडं, अरे, उजवी —